दहावीच्या बॅचचं इयरबुक छापून घेतलं त्या पेठेतल्या प्रेसचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

प्रेसचं नाव टाकत नाहीये. एकतर प्रेसवाल्या काकांनी स्वतःच सांगितलं की मॅडम नाव-बिव टाकू नका, आहे तेच काम उरकत नाही, आणि दुसरं म्हणजे खाली मी थोडं वाईट पण बोलणार आहे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी पुण्यात आप्पा बळवंत चौकात कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात विचारा की शाळांचे अंक कोण छापतं, दोन-तीन नावं सांगतील, त्यातलं एक हे.

तर आमच्या चिरंजीवांची दहावी, २०२४-२५ ची बॅच, सेमी इंग्लिश, चार तुकड्या मिळून १७२ मुलं. गणपती झाले आणि पालकसभेत कोणीतरी म्हणालं की आपण पण इयरबुक काढूया. मी मान हलवली, एवढाच माझा गुन्हा. घरी येईपर्यंत ग्रुप तयार, ग्रुपचं नाव 'इयरबुक कमिटी', ॲडमिन मी. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं की याला स्मरणिका म्हणायचं, पोरांचं म्हणणं की स्मरणिका ही गणेश मंडळाची असते, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही आणि कव्हरवर शेवटी नुसतं '१०वी, २०२४-२५' एवढंच आलं. दिसायला ते उलट जास्त चांगलं दिसलं.

पहिल्यांदा आम्ही पेठेत गेलोच नाही, ऑनलाइन पॅकेजवाल्यांकडे गेलो. एका कंपनीने पर कॉपी ८९९ सांगितले, हार्डबाउंड, कमीत कमी १५० कॉप्या, अर्धे पैसे आधी. टेम्प्लेट पाठवली तर सगळीकडे काळा झगा आणि चौकोनी टोपी. आमची पोरं खाकी फुलपँटमधली, त्यांना टोप्या कशाला? म्हणलं मराठीत नावं टाकून एक पान दाखवा, तर आलेल्या पानावर नावांच्या जागी रिकामे चौकोन. विचारलं तर म्हणे मॅडम इंग्लिशमध्ये प्रीमियम वाटतं. ठेवला फोन. कमिटीतल्या एका बाबांनी शिवकाशीचा रेट आणला, तमिळनाडूतलं, जिथे कॅलेंडरं आणि डायऱ्या ढिगाने छापतात तेच, रेट खरंच कमी होता, पण आमच्यासारख्या अडीचशे कॉप्यांना तो रेट लागत नाही हे दुसऱ्या फोनवर कळलं. आणि माझ्या मते ज्या माणसासमोर जाऊन बसता येत नाही त्याच्याकडे १७२ पोरांची नावं देऊ नयेत.

मग पेठ. आम्ही गेलो तो मुहूर्त काय सांगू, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. दिवाळी अंकांचं नुकतंच संपलेलं, कॅलेंडरांचं चालू आणि डोक्यावर विधानसभा. प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे हात जोडलेले उमेदवार, गठ्ठेच्या गठ्ठे. काकांनी मान वर न करता विचारलं, कोणता मतदारसंघ? म्हणलं नाही हो, शाळेचं पुस्तक आहे. तर म्हणाले २० तारखेनंतर या. आता एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या कळली, निवडणुकीच्या पत्रकावर खाली बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव-पत्ता टाकणं कायद्याने लागतं, त्यामुळे काका प्रत्येक पत्रक स्वतः वाचून सोडत होते. शुद्धलेखन पण दुरुस्त करत होते, उमेदवाराने सांगितलेलं नसताना. तेव्हाच मी मनात ठरवलं की काम इथेच द्यायचं. १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला आणि १९ ला सकाळी काका पहिल्यांदा खुर्चीत बसून माझ्याशी बोलले.

जागा सांगते म्हणजे अंदाज येईल. बोळ एवढा की दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं. खाली काउंटर आणि बाइंडिंग, वर पोटमाळ्यावर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम. मोठं फोर कलर मशीन इथे नाहीच, ते नऱ्ह्याला आहे, इथे कोपऱ्यात जुनं ट्रेडल मशीन आहे ज्यावर आता फक्त पावत्यांचे नंबर मारतात, आणि त्याच्या मागे लाकडी खणांमध्ये अजून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. काकांचे वडील जुळारी, म्हणजे हे खिळे हाताने जुळवणारे, होते म्हणे. माझ्या लेकाने एक खिळा उचलून बघितला, त्यावरचा 'ध' उलटा, तर काका म्हणाले आधी उलटं वाचायला शिकायचो मग सुलटं.

आता मुद्द्याचं. पॅकेजवाल्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला होता किती पानं. काकांनी विचारलं, हे पुस्तक पोरं हातात घेऊन काय करणार?

मी म्हणलं काय करणार, फोटो बघणार, एकमेकांच्या सह्या घेणार, मेसेज लिहिणार. कशाने लिहिणार? जेल पेनने. मग काकांनी कटिंगच्या टोपलीतून आर्ट पेपरची एक पट्टी काढली, माझ्याच पर्समधला जेल पेन घेतला, 'शुभेच्छा' लिहिलं आणि अंगठा फिरवला. नुसता निळा फराटा. अंगठा पण निळा. मग मॅपलिथोची पट्टी, म्हणजे आपला साधा न चमकणारा कागद, त्याच्यावर तेच लिहून तोच अंगठा, अक्षर जागचं हललं नाही. म्हणाले तुम्ही सगळं पुस्तक गुळगुळीत छापाल आणि सेंड-ऑफच्या दिवशी १७२ पोरांचे हात निळे होतील, त्यापेक्षा शेवटची ८ पानं मॅपलिथोवर घ्या, फिकट रेघा मारून, फक्त सह्यांसाठी. आम्ही दोन महिने रंग, फॉन्ट, कव्हर यावर भांडत होतो आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, ज्यांच्या घरात ती पोरं राहतात त्यांच्या!

हिशोब पण त्यांनी पेन्सिलने मांडून दाखवला, तो इथे देते कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं (मला पण नव्हतं). ऑफसेट छपाईत १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद, तो दोन्ही बाजूंनी चार रंगात म्हणजे ८ प्लेटा (एका बाजूच्या एका रंगाला एक प्लेट). आमचे असे ४ फॉर्म आर्ट पेपरवर, १३० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप), म्हणजे ६४ पानं, वर ती ८ मॅपलिथोची, आणि कव्हर ३०० जीएसएम मॅट लॅमिनेशन. प्लेटा बनवणं आणि मशीन लावणं हा खर्च तुम्ही एक कॉपी काढा नाहीतर हजार काढा, तेवढाच. त्यामुळे कोटेशन असं आलं: १५० कॉप्या ५५,५०० रुपये, २५० कॉप्या ६१,५०० रुपये, ३०० कॉप्या ६४,५०० रुपये. बघा, १५० ला एक कॉपी ३७० ला पडते आणि २५० ला २४६ ला. पुढची प्रत्येक कॉपी जेमतेम साठ रुपयांची. डिजिटल प्रिंटचं उलट, प्लेट नाही, कितीही काढा एकच भाव, आमच्या पुस्तकाला ३९० सांगितला. काकांनी सरळ सांगितलं की १४० च्या आसपास दोन्ही सारखं पडतं, तुमचा एकच वर्ग असता तर मी तुम्हाला शेजारच्या डिजिटलवाल्याकडे पाठवलं असतं. स्वतःचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवायची तयारी, हे मी पेठेत पहिल्यांदा ऐकलं.

बाइंडिंगला मी गमवालं मागत होते, परफेक्ट बाइंडिंग, कारण ते स्वस्त आणि पाठ सपाट दिसते. काका नाही म्हणाले. जाड आर्ट पेपर नुसत्या गमवर धरत नाही, पोरं सही घ्यायला पुस्तक उलटं दाबून सपाट करणार, चौथ्या सहीला पान हातात. शिलाईच पाहिजे. शिलाईसकटच वरचा भाव होता म्हणून मी गप्प बसले.

आणि ग्रुप फोटो! प्रत्येक तुकडीचा ग्रुप फोटो आम्हाला दोन पानांवर पसरून पाहिजे होता. काकांनी डिझाइन बघितलं आणि म्हणाले मधल्या दोन पोरांची तोंडं शिलाईत जातील, त्यांच्या आया माझ्याकडे येतील. मग त्यांनी युक्ती सांगितली. १६ पानांच्या घडीत अगदी मधली दोन पानं एकाच सलग कागदावर येतात, तिथे फोटो तुटत नाही, फक्त दोरा दिसतो. आमच्या चार घड्या, चार तुकड्या. पान ८-९ वर अ, २४-२५ वर ब, ४०-४१ वर क, ५६-५७ वर ड. अख्ख्या पुस्तकाचा आराखडा मग या चार खुंट्यांवर टांगला, आधी तुकडीच्या गमतीजमती, मध्ये ग्रुप फोटो, मग एकेकाचा फोटो आणि नाव. मधल्या पोरांना पण उभं राहताना चार बोटं अंतर ठेवायला लावलं, फोटोग्राफर वैतागला, पण दोरा बरोबर दोघांच्या मधून गेलाय.

डीटीपीवाल्या ताईंना वेगळे पाच स्टार. आम्ही नावांची यादी फोनवर टाइप करून दिलेली, युनिकोडमध्ये, आम्हाला वाटलं झालं काम. त्यांनी पाच मिनिटात पहिलीच चूक काढली, बऱ्हाटे आडनाव आम्ही सगळीकडे 'बर्हाटे' असं टाकलेलं. फोनवर साधा र घेऊन पाय मोडून ह लिहिला की वर रफार बसतो, त्यासाठी तो खाली टिंबवाला ऱ घ्यावा लागतो मग बऱ्हाटे होतं, आमच्यापैकी निम्म्यांना तो र कीबोर्डवर कुठे असतो तेच माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या मी नऱ्ह्याची आहे मॅडम, मला रोज हे बघावं लागतं, बसच्या पाटीपासून. कुऱ्हाडे, गोऱ्हे, तऱ्हेवाईक, सगळं त्यांनी हाताने नीट केलं. वर हे पण सांगितलं की यादी टाइप झाली की तिची प्रिंट काढून वर्गात फिरवा आणि प्रत्येक पोराची आपापल्या नावासमोर सही घ्या, पालकांना विचारू नका, पालक न वाचता 'ओके' टाकतात. अगदी खरं. सह्यांच्या फेरीत २३ चुका सापडल्या. एका मुलीने स्वतःचं नाव दुरुस्त करून शेजारी लिहिलं होतं 'दहा वर्षं हजेरीत चुकीचं आहे'.

फोटोंचं रडगाणं थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲपवर नुसता पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलवर येतो, छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरलं तर तो साडेपाच इंचांच्या आतच चांगला दिसतो, पूर्ण पान करायला गेलात तर धूसर. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ साइज राहते. हे मी ग्रुपवर नऊ वेळा लिहिलं. नऊ वेळा लोकांनी अंगठा दाखवला आणि फोटो तसाच पाठवला. आणि ड्राइव्हची लिंक काकांना चालत नाही, पेनड्राइव्हच लागतो, 'लिंक आज उघडते उद्या नाही'. दिला पेनड्राइव्ह.

या बॅचची एक वेगळीच अडचण होती, यांच्या सहावीचा ग्रुप फोटोच नाही. पाचवीच्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाली, परीक्षा पण झाली नाही, सहावी सगळी मोबाइलवर. मग कोणाकोणाकडून ऑनलाइन वर्गाचे स्क्रीनशॉट गोळा केले, २५ चौकोन, त्यातले आठ काळे, एकात नुसता पंखा, एकात कोणाची तरी आजी. मला ते पान मोठं पाहिजे होतं. काका म्हणाले हे मोठं केलंत तर चिखल होईल, पोस्टकार्डाएवढं छापा आणि बाकी पान कोरं सोडा. मी नाराज होते. पण सगळ्यात जास्त वेळ पोरं त्याच पानावर थांबली, आणि त्या कोऱ्या जागेत 'तो पंखा माझा' अशी सही पण झाली.

विक्रीबद्दल. हे खरंतर प्रेसचं काम नाही पण त्यातही काकांचा हात आहे म्हणून लिहिते. आम्ही आगाऊ बुकिंगसाठी ऑनलाइन फॉर्म फिरवला, १५ डिसेंबरपर्यंत २५०, नंतर ३०० रुपये. पहिल्या आठवड्यात किती बुकिंग? ११. त्यातले ५ कमिटीवालेच. मी जाऊन काकांसमोर रडले तर त्यांनी एक कोरी डमी बांधून दिली, खऱ्या कागदाची, खऱ्या जाडीची, शिलाई केलेली, वर फक्त कव्हर डिजिटलवर काढून लावलेलं, आत सगळी पानं पांढरी. आणि म्हणाले हे सभेत टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका. ठेवली. प्रत्येक जण येऊन उचलणार, पानं फडफडवणार, वास घेणार (आपल्याकडे पुस्तकाचा वास घेतल्याशिवाय पैसे सुटत नाहीत), आणि मग विचारणार किती. त्या एका संध्याकाळी ६४ बुकिंग. १५ तारखेपर्यंत १४८. डमीचे काकांनी पैसे लावले नाहीत.

कोणी हे करणार असेल तर एक विनंती, क्यूआर लावाल तर नोटमध्ये तुकडी आणि हजेरी नंबर टाकायला सांगा. आमच्याकडे पैसे आले 'ओम साई मोबाइल' कडून, 'पप्पा न्यू' कडून, एक तर 'श्री गणेश ट्रॅव्हल्स'. आमच्या खजिनदार बाई बँकेत आहेत तरी त्यांचे तीन रविवार यात गेले. ज्यांना जमणार नव्हतं अशा ९ मुलांची नावं वर्गशिक्षकांनी गुपचूप दिली, त्यांच्या कॉप्या जाहिरातींच्या पैशातून. जाहिराती तीनच, मागचं कव्हर ८,०००, आतली दोन पाच-पाच हजार. क्लासवाले जास्त द्यायला तयार होते पण मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं की माझ्या शिक्षकांच्या फोटोसमोर क्लासची जाहिरात दिसली तर अंक शाळेत येणार नाही. मग गणवेशवाले, दूध डेअरी आणि चष्म्याचं दुकान. बरोबरच होतं त्यांचं.

आता एक स्टार कुठे गेला ते.

मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की मशीनवर छपाई सुरू होताना मला बोलवा, मी नऱ्ह्याला येते. हो हो म्हणाले. बोलावलं नाही. तीन फॉर्म छान आले आणि क तुकडीचा फॉर्म लालसर. फोटोग्राफरने वर्गातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेले फोटो मुळातच तांबूस होते, स्क्रीनवर ते खपून गेलं, चार रंगांत आल्यावर उठून दिसलं, त्यात मशीनवर मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, जरा जास्त सुटला. मी तिथे असते तर पहिल्या दहा कागदांतच म्हणले असते की थांबा. काकांचं म्हणणं प्रूफवर सही तुमची आहे. माझं म्हणणं ते प्रूफ डिजिटल होतं, ऑफसेटचा रंग त्यात कळत नाही हे तुम्हाला माहीत, मला कसं माहीत असणार? दहा मिनिटं आवाज चढले, डीटीपीवाल्या ताई वरून वाकून बघायला लागल्या, मग काकांनी भिंग काढलं, कागद उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले मॅजेंटा माझा, बल्ब तुमचा. २,००० कमी केले. फॉर्म परत छापायला वेळच नव्हता. पोरांनी काय करावं, 'क तुकडी लाजली' म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत झालं, आणि क वाल्यांना त्याचा आता अभिमान आहे. तरी माझ्या डोक्यातून ते जात नाही, ४२ पोरं आहेत त्या तुकडीत.

दुसरं म्हणजे उशीर. २५ जानेवारी सांगितली होती. त्या वर्षी बोर्डाने दहावी २१ फेब्रुवारीलाच ठेवली, आधी मार्च उजाडायचा, त्यामुळे सेंड-ऑफ अलीकडे येऊन १ फेब्रुवारीला, शनिवारी. मध्ये पोरांच्या पूर्वपरीक्षा. २५ ला फोन, कव्हर लॅमिनेशनवाल्याकडे अडकलंय. २७ ला फोन, शिलाई चालू आहे. २८ ला काकांनी फोन उचललाच नाही. ३० ला संध्याकाळी सात वाजता गठ्ठे मिळाले, पावसाळी प्लॅस्टिकमध्ये बांधून, आणि रिक्षात बसेपर्यंत काका चालत आले सोबत, काही न बोलता. माफी त्यांना मागता येत नाही, तेवढी चालण्यात होती. (तरी उशीर तो उशीरच.)

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. २१ जानेवारीला रात्री साडेनऊला माझा लेक पीडीएफ बघत बसलेला, अभ्यास सोडून अर्थात, आणि ओरडला, आई, त्या दोघींची नावं उलटी आहेत! ब तुकडीत जुळ्या बहिणी आहेत, आणि फोटोखाली नावांची आदलाबदल. सह्यांच्या फेरीत नावं बरोबर होती हो, फोटो चुकीच्या जागी चिकटवले गेले. आम्ही सगळ्यांनी ते पान वीस वेळा बघितलंय, वर्गशिक्षिकांनी बघितलंय, कोणाला कळलं नाही. यानेच कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. काकांना फोन लावला, प्लेटा बनून गेलेल्या, सकाळी आठला मशीनवर चढणार. मला वाटलं गेले आता आठ प्लेटांचे पैसे, आणि वेळ. काका शांतपणे म्हणाले, फोटो हलवू नका, नावं बदला. नावं आम्ही नुसत्या काळ्यात ठेवलीत, म्हणजे एकच प्लेट बदलायची, काळ्याची. पहिल्या दिवशी मी नावं जांभळ्या रंगात मागितली होती, कव्हरला मॅचिंग, तेव्हा डीटीपीवाल्या ताईंनी ठाम नकार दिला होता आणि मला वाटलं होतं आळस आहे. जांभळी असती तर कमीत कमी दोन प्लेटा, शिवाय मशीनवर कागद केसभर हलला तरी बारीक अक्षर दुहेरी दिसतं. ताईंनी रात्री अकरा वाजता घरून फाइल नीट करून पाठवली, सकाळी नवी प्लेट, ३५० रुपये. त्या दोघींना हे अजून माहीत नाही, आणि त्या हे वाचत असतील तर हॅलो.

पैशाचं पूर्ण सांगून टाकते, ग्रुपवर पण टाकलंय. २०० कॉप्या विकल्या, १४८ अडीचशेने आणि ५२ तीनशेने, काही आजी-आजोबांनी स्वतःची वेगळी घेतली. जाहिराती धरून जमा ७०,६००. खर्च, प्रेसचे ६१,५००, जादा प्लेट ३५०, फोटोग्राफर ६,०००, रिक्षा-झेरॉक्स ८००, त्यातून काकांनी सोडलेले २,००० वजा, म्हणजे ६६,६५०. उरले ३,९५०, ते शाळेच्या ग्रंथालयाला. ९ कॉप्या त्या मुलांना, २८ शिक्षक-शिपाईमामा-ग्रंथालय मिळून, आणि १३ शिल्लक आहेत, आमच्या बेडखाली. कोणाला पाहिजे असेल तर ३०० रुपयांतच, सवलत मागू नका.

पुढच्या वर्षीच्या बॅचने काम द्यावं का? द्यावं. दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवशीच कागदावर लिहून घ्या, मशीनवर बोलावणार आणि पाच दिवस आधीची तारीख. निवडणुका असतील तर दिवाळीच्या आधीच गाठा. कोटेशन व्हॉट्सॲपवर मागू नका, येणार नाही, जाऊन बसा, चहा मिळतो. रंगाच्या बाबतीत काकांवर सोडू नका, कागदाच्या बाबतीत वाद घालू नका. आणि जाताना एक स्वस्तातला पेनड्राइव्ह न्या. माझा ३२ जीबीचा अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, तीनदा मागितला, दर वेळी म्हणतात आत्ता इथेच तर होता.